‘काकांनी मारलं ना?’ या प्रश्नातला ‘ना’

गेल्या पावसाळ्यात माझी भाची रोज संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी यायची आणि मी सहा वर्षांची मुलगी व्हायचे. ती इथे बडोद्यातच समाजकार्य शिकते. अत्याचाराची शंका असलेल्या मुलांशी बोलून त्यांचं म्हणणं नीट समजून घ्यायचं, हे काम तिला पुढे करायचंय. त्यासाठी तिने एका ठिकाणी दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतलं होतं. दोन्ही दिवस व्याख्यानं झाली, प्रमाणपत्र मिळालं, पण तोंड उघडून एकही प्रश्न विचारायची वेळ तिच्यावर आली नाही. पोहणं फळ्यावर शिकवल्यासारखंच ते झालं. मग आम्ही घरी सराव करायचं ठरवलं.

आमची पद्धत साधी होती. एका पाकिटात ‘खरं काय घडलं’ ते लिहिलेला कागद. तो फक्त मी वाचायचा. भाचीला एवढंच सांगायचं, की मुलीची आई काय तक्रार घेऊन आली आहे. शिवाय टेबलावर सापशिडीतला एक फासा. तिने मोकळा प्रश्न विचारला, म्हणजे ‘काय काय झालं ते सांग’ असा, तर मी फासा टाकायचा. एक ते चार पडले, की पाकिटातला एक खरा तपशील सांगायचा. पाच-सहा पडले, तर गप्प राहायचं किंवा ‘माहीत नाही’ म्हणायचं. प्रश्न हो-नाही स्वरूपाचा असेल तर नियम वेगळा. एक-दोन पडले तर खरं उत्तर, तीन-चार पडले तर खरं काहीही असो, ‘हो’ म्हणायचं, पाच-सहा पडले तर ‘नाही’. आकडे आम्ही घरगुती सोयीने ठरवले. त्यामागची कल्पना मात्र खऱ्या संशोधनातून आलेली आहे. तिच्याकडे मी येतेच.

पहिल्या दिवसाची तक्रार अशी: मुलगी दोन आठवड्यांपासून शिकवणीला जायची वेळ झाली की रडते आणि तिच्या मनगटावर निळा डाग आहे. भाची माझ्यासमोर बसली, गोड हसली आणि म्हणाली, ‘शिकवणीचे काका रागावतात का गं?’ फासा तीन. ‘हो.’ ‘मारतात?’ फासा चार. ‘हो.’ ‘हाताला धरलं होतं ना त्यांनी? इथे?’ फासा तीन. ‘हो.’

आठ मिनिटांत एकोणीस प्रश्न झाले. त्यातले पंधरा हो-नाहीचे. शेवटी तिने वहीत लिहिलं, ‘शिक्षक मुलीला मारतो.’ मग पाकीट उघडलं. आत लिहिलं होतं: शिकवणीच्या जिन्यात एक कुत्रा बसतो, तो अंगावर आला, पळताना मुलगी पायरीवर पडली आणि मनगट आपटलं. काकांनी काही केलेलं नाही.

भाचीचा चेहरा उतरला, मग रागाने लाल झाला. ‘मावशी, तू फाशाने खेळतेस म्हणून असं होतं. खरं मूल असतं तर त्याने मला सांगितलं असतं. माझ्याशी मुलं बोलतात!’

‘माझ्याशी मुलं बोलतात.’ हे वाक्य मी सव्वीस वर्षं बालवाडीत स्वतःबद्दल म्हणत आले. हा लेख त्या वाक्याबद्दल आहे.

आधी हे बघू, की हो-नाहीत एवढं काय बिघडतं. आठवण काढायच्या दोन वाटा असतात. ‘काल कमाटी बागेत गेली होतीस, तिथलं सगळं सांग’ म्हटलं, की मूल स्वतःच्या डोक्यात शिरून शोधतं आणि सापडेल ते बाहेर आणतं. माहिती थोडी येते, पण बहुतेक त्याची स्वतःची असते. ‘छोट्या आगगाडीत बसलीस का? लाल डबा होता ना?’ म्हटलं, की शोधायचं काम आपणच करून टाकतो आणि मुलाने फक्त आपल्या माहितीवर शिक्का मारायचा उरतो. लहान मुलांना मोठ्यांचा शिक्का चुकवणं फार कठीण जातं. त्यांच्या अनुभवात मोठी माणसं उत्तर माहीत असूनच प्रश्न विचारतात. ‘हा रंग कोणता?’, ‘काकूंना पाढा म्हणून दाखव’ असंच तर आपण दिवसभर करतो. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ पर्यंत संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. त्या बडोद्यात शिक्षिका झाल्याचा मला अभिमान आहे. पण आम्ही शिक्षकांनी मुलांना शिकवलं ते बरोबर उत्तर द्यायला. ‘मला माहीत नाही’ हेही बरोबर उत्तर असू शकतं, हे आम्ही क्वचितच सांगितलं.

याची किंमत किती मोठी असू शकते, ते अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीच्या खटल्यात दिसलं. १९८३ मध्ये एका आईच्या तक्रारीपासून प्रकरण सुरू झालं. शेकडो मुलांना विचारलं गेलं, सात जणांवर आरोप ठेवले गेले आणि १९९० मध्ये एकाही माणसाला शिक्षा न होता सगळं संपलं. मुलाखतींच्या ध्वनिचित्रफिती पाहिल्यावर विचारणाऱ्यांची पद्धत उघडी पडली: ‘बाकीच्या मुलांनी सांगितलंय’, ‘तू हुशार आहेस, सांगशीलच’, हवं ते उत्तर आलं की कौतुक, नाही आलं की नाराजी. पुढे १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ सेना गार्व्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच तंत्रं तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर निरुपद्रवी रीतीने तपासली. एक पाहुणा शाळेत येऊन गोष्ट सांगून गेला. आठवडाभराने मुलांना त्याच्याबद्दल विचारलं. नुसते सूचक, म्हणजे उत्तर आधीच सुचवणारे, प्रश्न विचारले तेव्हा मुलांनी साधारण १७ टक्के खोट्या आरोपांना होकार दिला. मॅकमार्टिनमधली कौतुक-दडपणाची तंत्रं जोडली, तेव्हा तो आकडा ५८ टक्क्यांवर गेला. आणि हे सगळं पाच मिनिटांच्या आतल्या बोलण्यात.

एक गोष्ट मात्र इथेच ठासून सांगते. याचा अर्थ मुलं खोटं बोलतात असा नाही. नीट विचारलं तर चार वर्षांचं मूलही स्वतःच्या अनुभवाबद्दल विश्वासार्ह सांगू शकतं. चूक विचारण्यात असते. आणि ती दोन्हीकडे घात करते: निर्दोष माणूस अडकू शकतो, आणि ज्या मुलावर खरंच अत्याचार झाला त्याची खरी साक्षही उलटतपासणीत ‘हे तर तुम्हीच पढवलंत’ म्हणून मोडून काढली जाते. दुसऱ्या घाताबद्दल आपण फारच कमी बोलतो.

आता सरावाकडे. मोकळे प्रश्न विचारा, हे सांगायला एक वाक्य पुरतं. मायकेल लॅम्ब आणि कॅथलीन स्टर्नबर्ग यांच्या गटाने १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय बालआरोग्य संस्थेत मुलाखतीचा एक पूर्ण आराखडाच तयार केला. आधी ओळख, मग नियम (‘माहीत नसेल तर तसं सांग’, ‘मी चुकले तर मला दुरुस्त कर’), मग एखाद्या साध्या प्रसंगावर मोकळेपणाने सांगायचा सराव आणि मगच मुख्य विषय. आराखडा वाचून समजतो. पण जगभर एकच अनुभव येत राहिला, की प्रशिक्षणानंतर लोकांना काय विचारायचं ते पाठ असतं आणि मुलासमोर बसल्यावर ते जुनंच विचारतात. वर्षानुवर्षांचा अनुभवही आपोआप प्रश्न सुधारत नाही. चुकीचा प्रश्न विचारला तर खऱ्या आयुष्यात ‘टण्ण’ असा आवाज येत नाही. मूल ‘हो’ म्हणतं, विचारणाऱ्याला वाटतं बरोबर लागलं, आणि पाकीट उघडून दाखवणारं कुणी नसतं.

ती उणीव भरून काढायला सिम्युलेशन, म्हणजे खोट्या मुलाबरोबरचा खरा सराव, आलं. फिनलंडमधल्या पेक्का सांतिला आणि फ्रांचेस्को पोंपेड्डा यांच्या गटाने संगणकावरची मुलं, म्हणजे अवतार, बनवली. पडद्यावर चार किंवा सहा वर्षांचं मूल दिसतं. प्रत्येकाची एक गोष्ट आतमध्ये ठरलेली असते. काहींच्या बाबतीत काहीतरी घडलेलं असतं, काहींच्या बाबतीत नसतं. तुम्ही कोणत्या प्रकारचा प्रश्न विचारता, त्यावर त्या वयाचं खरं मूल कसं उत्तर देईल याच्या संशोधनातल्या शक्यता लावून उत्तर निवडलं जातं. आमचा सापशिडीचा फासा म्हणजे याचीच गरीब बहीण. मुलाखत संपल्यावर दोन गोष्टी कळतात: प्रत्यक्ष काय घडलं होतं, आणि तुमच्याच प्रश्नांतले काही चांगले, काही वाईट प्रश्न उदाहरण म्हणून.

२०१५ पासून अशा सरावांवर अनेक देशांत अभ्यास झाले. नंतर ते एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा दोन हजारांहून जास्त सराव-मुलाखती हाती होत्या. त्यातून निघालेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती ही: ज्यांना प्रत्येक मुलाखतीनंतर फीडबॅक मिळाला ते सुधारले. ज्यांनी नुसत्याच एकामागून एक मुलाखती घेतल्या, ते जवळपास होते तिथेच राहिले. म्हणजे नुसता सराव पुरत नाही. आपण चुकलो हे ऐकून घ्यावं लागतं.

आणि ऐकून घेण्याच्या जागी माइंडसेट येऊन उभा राहतो.

मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांनी या शब्दाला जो अर्थ दिला तो असा: आपली क्षमता जन्मजात, ठरलेली आहे असं मानणारा माणूस आणि ती मेहनतीने, चांगल्या पद्धतीने, दुसऱ्याच्या मदतीने वाढते असं मानणारा माणूस. पहिल्याला स्थिर माइंडसेट म्हणतात, दुसऱ्याला वाढीचा. शाळकरी मुलांच्या गणिताबद्दल हे आपण ऐकलेलं असतं. मुलांशी बोलण्याच्या बाबतीत ते जास्त तीव्र होतं, असं माझं मत आहे. ‘मला गणित येत नाही’ हे बायका-पुरुष सगळे सहज म्हणतात. ‘मला मुलांशी बोलता येत नाही’ असं कुणी शिक्षिका, समुपदेशक, पोलीस अधिकारी, आई म्हणेल का? ती क्षमता आपण मायेशी, स्वभावाशी, चांगुलपणाशी बांधून टाकली आहे. त्यामुळे ‘तुझा हा प्रश्न सूचक होता’ हे वाक्य कानात शिरेपर्यंत ‘तू मायाळू नाहीस’ असं होतं. त्या दिवशी भाचीला राग आला तो फाशाचा नव्हता.

चुकीकडे बघण्याचा हा फरक मेंदूतही टिपला गेला आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठात जेसन मोझर यांनी २०११ मध्ये काही विद्यार्थ्यांना डोक्यावर इलेक्ट्रोड लावून अक्षरं ओळखायचं कंटाळवाणं काम दिलं. चूक झाल्याबरोबर, सेकंदाच्या एका अंशात, मेंदूत एक लहर उठते. ‘अरे, चुकलं’ याकडे लक्ष गेल्याची ती खूण. क्षमता वाढते असं मानणाऱ्यांत ती लहर मोठी होती, आणि चुकीनंतरच्या पुढच्या उत्तरांत ते जास्त अचूक होते. प्रयोग छोटा होता, पण त्याचं चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं. एक माणूस चुकीवर थांबून तिच्याकडे बघतो, दुसरा मान फिरवतो. मान फिरवणाऱ्यासमोर कितीही चांगला फीडबॅक ठेवा, तो वाचलाच जात नाही.

मग मी काय केलं? भाची नाराज होऊन निघाली तशी मी तिला दारात म्हटलं, ‘अगं, असं काय करतेस? तू हुशार आहेस, तुला हे सहज जमेल.’ मला वाटलं मी तिला उभारी दिली.

दुसऱ्या दिवशी ती आली आणि जेमतेम सहा प्रश्न विचारून म्हणाली, ‘झालं. पुरेशी माहिती मिळाली नाही, असं लिहिते.’ चूक एकही नाही, आणि मुलीबद्दल कळलंही काही नाही. तिने हुशारी सांभाळली होती. नंतर वाचताना ड्वेक आणि क्लॉडिया म्युलर यांचा १९९८ चा प्रयोग भेटला. दहा-बारा वर्षांच्या मुलांना कोडी सोडवल्यावर काहींना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’. हुशारीचं कौतुक झालेली मुलं पुढे सोपी कोडी निवडू लागली, अवघड आलं की लवकर हिरमुसली, आणि आपले गुण सांगायची वेळ आली तेव्हा त्यांच्यातल्या जास्त जणांनी ते वाढवून सांगितले. माझ्या दारातल्या वाक्याने नेमकं हेच केलं होतं. ती मोठी आहे, पदवीधर आहे, तरी.

तिसऱ्या दिवसापासून मी तिच्याबद्दल बोलणं बंद केलं आणि फक्त प्रश्नाबद्दल बोलू लागले. मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं ऐकायचं. सूचक प्रश्न आला की थांबवायचं आणि विचारायचं, ‘हा मोकळा करून दाखव.’ ‘हाताला धरलं होतं ना?’ याचं तिने केलं, ‘हाताबद्दल सांग.’ पुढे आणखी बरं केलं, ‘तुझ्या मनगटावर मला एक निळा डाग दिसतो. तो कसा आला ते सांग.’ चांगला प्रश्न आला तरी ‘शाबास’ नाही. त्या प्रश्नाने काय मिळालं ते दाखवायचं: ‘बघ, इथे तू चार सेकंद थांबलीस आणि मी स्वतःहून जिना सांगितला.’ फीडबॅकवरचं एक जुनं, मोठं विश्लेषण आहे, १९९६ चं, अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांचं. त्यात असं निघालं, की एक तृतीयांशाहून जास्त वेळा फीडबॅकने काम सुधारण्याऐवजी बिघडलं. त्यांच्या मते लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ इथे गेलं, की फीडबॅकची धार जाते. बडोद्यातल्या एका स्वयंपाकघरात हेच अनुभवाला आलं.

एक दिवस भाची म्हणाली, ‘आता तू विचार, मी मुलगी होते.’ मी तयार झाले. सव्वीस वर्षांची बालवाडी पाठीशी होती. माझ्या अकरा प्रश्नांपैकी आठ सूचक निघाले, आणि त्यातले पाच ‘ना’ने संपणारे. त्या रात्री मला झोप लागली नाही. बालवाडीत रडत आलेल्या किती मुलांना मी ‘त्याने ढकललं ना?’ विचारलं असेल, आणि ‘हो’ ऐकून कुणाला कोपऱ्यात उभं केलं असेल, ते आठवत राहिले.

मराठीतला हा ‘ना’ एका अक्षराचा आहे, पण त्याचं वजन मोठं. ‘गेली होतीस ना’, ‘भीती वाटली ना’, त्यात गुजराती शेजारामुळे बडोद्याच्या मराठीत ‘हो ने?’ही येऊन बसतं. मायेने बोलताना तो आपोआप लागतो. ‘का’सुद्धा जपून वापरावा. ‘तू का नाही सांगितलंस?’ हे मोठ्यांना चौकशी वाटते, मुलाला ओरडा वाटतो. उलट मराठीने एक देणगीही दिली आहे: ‘काय काय’, ‘कुठे कुठे’, ‘कोण कोण’. ‘काय झालं?’ला मूल एक उत्तर देतं, ‘काय काय झालं?’ला ते रांग लावतं. हे कुठल्या परदेशी आराखड्यात सापडणार नाही, आणि आपल्या प्रशिक्षणांत मराठी-गुजराती-हिंदीच्या अशा वळणांवर बोलायला हवं, असं मला कळकळीने वाटतं.

कारण भाषेची जोखीम इथे दुप्पट आहे. घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळेत इंग्रजी असं वाढणारं मूल म्हणालं ‘मला लागलं’, तर मराठी कान ऐकतो ‘दुखापत झाली’. गुजरातीत ‘मने लाग्युं’ म्हणजे बहुधा ‘मला वाटलं’. दुखापतीला ते ‘वाग्युं’ म्हणतात. आणि ‘वागलं’ मराठीत भलतंच. ‘काका’ तर दोन्ही भाषांत बापाच्या भावापासून रिक्षावाल्यापर्यंत कुणीही. म्हणून ‘कोणते काका, हेच का?’ असं बोट दाखवून विचारण्याऐवजी ‘त्या काकांबद्दल सांग’ हेच बरं. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या २६ व्या कलमात मुलाचं म्हणणं मूल बोलेल तसंच नोंदवायला सांगितलंय, गरज असेल तिथे दुभाषा घ्यायची सोय आहे, आणि आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती हजर असावी असंही म्हटलंय. २४ व्या कलमानुसार जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाची नसलेल्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेशात नाही. कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे आणि या बाबतीत तो संवेदनशील आहे. पण ‘मूल बोलेल तसं’ लिहायला आधी मुलाला बोलू द्यावं लागतं, आणि ते कौशल्य कलमाने येत नाही.

आता आमच्या आणखी एका पाकिटाकडे येते, कारण माझी मुख्य गोष्ट त्यात आहे.

तक्रार जवळपास तीच ठेवली होती: मुलगी शिकवणीला जायला रडते. पण या वेळी आत लिहिलं होतं, काका फूटपट्टीने तळहातावर मारतात आणि घरी सांगू नकोस म्हणतात. भाची आदल्या अनुभवाने शहाणी झाली होती. फारच. तिने विचारलं, ‘तिथे कुत्रा वगैरे आहे का?’ फासा चार, ‘हो.’ ‘त्याची भीती वाटते?’ फासा तीन, ‘हो.’ वहीत लिहिलं गेलं, ‘कुत्र्याची भीती, आक्षेपार्ह काही नाही.’

पाकीट उघडल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. या वेळी रागही नव्हता.

मला इथे दोन माइंडसेट सख्खे भाऊ वाटतात. एक स्वतःबद्दलचा: ‘मला मुलं कळतात.’ दुसरा प्रकरणाबद्दलचा: ‘इथे काय झालं असेल ते मला कळलंय.’ दोन्हींत एक उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि ऐकणं त्याची खात्री करून घेण्यापुरतं उरतं. पहिल्या दिवशी तिला मारणारा शिक्षक दिसत होता, दुसऱ्या वेळी कुत्रा. मुलगी एकदाही दिसली नाही. संशोधक याला पुष्टीचा पूर्वग्रह म्हणतात. ऑस्ट्रेलियातल्या मार्टिन पॉवेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवलं, की मोकळे प्रश्न विचारण्यात जे तरबेज होते त्यांच्या मुलाखतींवर हा पूर्वग्रह कमी चढला. म्हणजे ‘पूर्वग्रह सोडा’ असा उपदेश करण्यापेक्षा प्रश्नाचा हात बसवणं जास्त कामाचं. ‘मी चुकत असेन’ ही शक्यता स्वतःबद्दल जिवंत ठेवणारा माणूस ती प्रकरणाबद्दलही जिवंत ठेवू शकतो, असं मला त्या स्वयंपाकघरात वाटू लागलं. हे माझं निरीक्षण आहे, सिद्धान्त म्हणून मांडत नाही.

माइंडसेटबद्दल बोलताना प्रामाणिकपणे पुढचंही सांगायला हवं, कारण आजकाल या शब्दाचे वर्ग लागतात, तक्ते टांगले जातात. २०१८ मध्ये व्हिक्टोरिया सिस्क आणि सहकाऱ्यांनी शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. माइंडसेट आणि शालेय यश यांचा संबंध दुबळा निघाला, आणि माइंडसेट बदलायच्या उपक्रमांचा परिणाम सरासरीने फारच लहान. २०१९ मध्ये डेव्हिड येगर यांनी अमेरिकेतल्या सुमारे १२,००० नववीच्या मुलांवर मोठा, काटेकोर प्रयोग केला. एका तासाहून कमी वेळाच्या ऑनलाइन धड्याने मागे पडलेल्या मुलांच्या गुणांची सरासरी, चारपैकी मोजली तर, सुमारे ०.१ ने वाढली, आणि तीही जिथे वर्गातलं वातावरण पोषक होतं तिथे जास्त. परिणाम आहे, पण जादू नाही. मुलांच्या मुलाखती घेणाऱ्यांना ‘वाढीचा माइंडसेट ठेवा’ असं व्याख्यान देऊन सोडून दिलं, तर मला त्यातून फारशी आशा नाही. माइंडसेट म्हणजे दार उघडं ठेवणं. आत काय येतं ते फीडबॅकवर, सरावाच्या प्रमाणावर आणि शिकवणाऱ्यावर अवलंबून.

येगर यांच्या प्रयोगातलं ते वातावरण मला फार महत्त्वाचं वाटतं. नोकरीत असलेल्या एखाद्या उपनिरीक्षक बाईंची सराव-मुलाखत वरिष्ठांसमोर तपासली जात असेल आणि चूक शेऱ्यात लिहिली जात असेल, तर त्यांनी चूक लपवणं हा त्यांच्या माइंडसेटचा दोष कसा म्हणायचा? सरावातली चूक नोंदवहीत जाणार नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. अवतारांचा मोठा फायदा मला इथेच दिसतो. पडद्यावरच्या मुलासमोर वीस वेळा चुकलं तरी कुठल्याही खऱ्या मुलाला वीस वेळा तीच जखम सांगावी लागत नाही. पोक्सोचं ३३ वं कलम मुलाला न्यायालयात वारंवार बोलावू नका असं बजावतं. मग आपल्या शिकण्याचा भार तरी त्याच्यावर का टाकायचा?

आणि शिकणं एकदाच होऊन संपत नाही. लॅम्ब यांच्याच गटाने २००२ मध्ये पाहिलं, की मुलाखती घेणाऱ्यांना नियमित फीडबॅक मिळत होता तोवर त्यांचे प्रश्न चांगले होते. तो थांबल्यावर काही महिन्यांतच ते घसरले. माणसं तीच, ज्ञान तेच. म्हणजे ‘मला आता येतं’ असं म्हणायची वेळ या कामात येतच नाही.

नवरात्राच्या आधी आम्ही अकरावं पाकीट घेतलं. तक्रार पुन्हा शिकवणीचीच, मी मुद्दाम ठेवलेली. भाचीने सुरुवातीला कमाटी बागेबद्दल सांगायला लावलं, ‘माहीत नसेल तर माहीत नाही म्हण’ असं सांगितलं, आणि मग म्हणाली, ‘आईने मला सांगितलं की तुला शिकवणीला जावंसं वाटत नाही. त्याबद्दल सगळं सांग.’ फासा सहा पडला, मी गप्प बसले. खाली रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती. भाचीने पुढचा प्रश्न विचारला नाही. हात मांडीवर ठेवून ती माझ्याकडे बघत राहिली. मी मनात मोजत होते: सात, आठ, नऊ. मग ती हळूच म्हणाली, ‘शिकवणीला गेलीस की तिथे काय काय होतं?’ आणि मी पुन्हा फासा उचलला.